वर्गापुरती मोकळीक, वर्गाबाहेरची परवानगी

प्रश्न : मी नंदुरबार जिल्ह्यातील एका वरिष्ठ महाविद्यालयात एम. ए. मराठीच्या वर्गाला शिकवते. माझे बरेचसे विद्यार्थी अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतून येतात. अभ्यासक्रमातले काही संदर्भग्रंथ बाजारात मिळत नाहीत, काहींची ग्रंथालयात एकच प्रत आहे आणि काहींची किंमत विद्यार्थ्यांना झेपणारी नाही. म्हणून वेगवेगळ्या पुस्तकांतली निवडक प्रकरणे एकत्र करून मी झेरॉक्स संच बनवते आणि महाविद्यालयासमोरच्या दुकानातून विद्यार्थी तो घेतात. यंदा एका सहकाऱ्यांनी हा गुन्हा असल्याचे सांगितले. दुसऱ्यांच्या मते पुस्तकाच्या दहा टक्क्यांपर्यंत काही अडचण नाही. प्राचार्यांनी प्रत्येक पानावर ‘केवळ शैक्षणिक वापरासाठी’ असा शिक्का मारायला सांगितले आहे. याशिवाय वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आम्ही पुस्तकांच्या पीडीएफ टाकतो, माझ्या तासिकांचे चित्रीकरण यूट्यूबवर ठेवण्याचा विचार आहे, एका कादंबरीवरचा चित्रपट वर्गात दाखवायचा आहे, आणि विभागातर्फे खानदेशातील कवितांचे एक संकलन छापून अल्प किमतीत विकण्याचे घाटत आहे. यांतले कायद्यात काय बसते?

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुमचा झेरॉक्स संच तुम्ही चालू ठेवू शकता. शिक्क्याचा काही उपयोग नाही, दहा टक्क्यांचा नियम कॉपीराइट कायद्यात कुठेही नाही, संपूर्ण पुस्तकांच्या पीडीएफ गटावर टाकणे मात्र थांबवावे, आणि संकलनाचा प्रश्न या सगळ्यांहून निराळा असल्याने त्यावर मी बरीच जागा खर्च करणार आहे. ही उत्तरे एकमेकांपासून इतकी वेगळी का, हे समजले की पुढच्या वर्षी नवा प्रश्न उभा राहिला तरी त्याचे उत्तर तुम्हाला स्वतःच काढता येईल.

आपल्याकडचा कॉपीराइट कायदा १९५७ सालचा आहे आणि २०१२ मध्ये त्यात मोठ्या दुरुस्त्या झाल्या. त्याच्या कलम ५२ मध्ये, कोणत्या गोष्टी केल्याने कॉपीराइटचा भंग होत नाही, याची लांबलचक यादी आहे. तिच्यातील कलम ५२(१)(आय) तुमच्या-माझ्यासारख्यांसाठी सर्वांत महत्त्वाचे आहे. शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने अध्यापनाच्या ओघात कोणत्याही कृतीची (म्हणजे पुस्तक, लेख, कविता अशा निर्मितीची) प्रत करणे, परीक्षेच्या प्रश्नांचा भाग म्हणून ती वापरणे आणि त्या प्रश्नांच्या उत्तरांत ती देणे, या तिन्ही गोष्टी भंग मानल्या जात नाहीत. या तरतुदीत पानांची संख्या नाही, टक्केवारी नाही आणि प्रतींची कमाल मर्यादाही नाही. प्रश्नपत्रिकेत अख्खी कविता छापून तिचे रसग्रहण विचारायला तुम्ही कधी कोणाची परवानगी घेतली नसेल, आणि ती घेण्याची गरजही नव्हती.

आता झेरॉक्स संच. तुमच्यासारखाच प्रश्न दिल्लीत न्यायालयापर्यंत गेला होता. दिल्ली विद्यापीठाच्या दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातील रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस या दुकानातून प्राध्यापकांनी ठरवून दिलेल्या वाचनाचे झेरॉक्स संच विद्यार्थ्यांना मिळत असत. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ मध्ये दुकानावर आणि विद्यापीठावर दावा लावला. १६ सप्टेंबर २०१६ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी तो फेटाळला. प्रकाशक अपिलात गेले, तेव्हा ९ डिसेंबर २०१६ रोजी दोन न्यायाधीशांच्या खंडपीठाने या तरतुदीचा अर्थ तपशिलाने सांगितला. अध्यापन म्हणजे केवळ फळ्यासमोरचा तास नव्हे, तर तासाची तयारी आणि तासानंतरचा अभ्यासही त्यात येतो; प्रती किती केल्या किंवा पुस्तकाचा किती भाग घेतला, हे मोजण्यापेक्षा तो भाग शिकवण्याच्या हेतूसाठी गरजेचा होता का, हे पाहायचे; आणि झेरॉक्स यंत्र विद्यापीठाचे आहे की बाहेरच्या दुकानदाराचे, याने फरक पडत नाही. संचात घेतलेला मजकूर अध्यापनासाठी खरोखर आवश्यक होता का, या एका मुद्द्यावर पुरावा घेण्यासाठी खंडपीठाने दावा पुन्हा खालच्या पातळीवर पाठवला होता. पण मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी तो मागे घेतला, आणि त्याच वर्षी मे महिन्यात इंडियन रिप्रोग्राफिक राइट्स ऑर्गनायझेशन या, लेखक-प्रकाशकांच्या वतीने झेरॉक्सचे परवाने देणाऱ्या संस्थेची खंडपीठाच्या निकालाविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली.

येथे एक बाब स्पष्ट ठेवली पाहिजे. हा निकाल दिल्ली उच्च न्यायालयाचा आहे. नंदुरबार, धुळे आणि जळगाव हे जिल्हे मुंबई उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर येथील खंडपीठाच्या अखत्यारीत येतात, आणि त्या न्यायालयाला दिल्लीचा निकाल बंधनकारक नाही. याचिका फेटाळली गेली म्हणून तो सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेला कायदाही ठरत नाही. तरीही एका केंद्रीय कायद्याच्या याच तरतुदीचा इतका सविस्तर अर्थ त्यात सांगितलेला असल्याने कोणत्याही न्यायालयात त्याला वजन राहील. तुमच्या सहकाऱ्यांनी सरसकट गुन्हा म्हणण्याइतकी परिस्थिती नाही.

मात्र हा निकाल ज्या गोष्टींवर उभा आहे, त्या तुमच्या संचातही असल्या पाहिजेत. संचातले प्रत्येक प्रकरण अभ्यासक्रमातल्या कोणत्या घटकासाठी घेतले आहे, हे संचाच्या पहिल्याच पानावर लिहावे आणि मूळ लेखक, पुस्तक, प्रकाशक, वर्ष व पृष्ठे यांचा उल्लेख करावा. घटकाशी संबंध दाखवता येत नसेल, तर ते प्रकरण कितीही आवडीचे असले तरी काढून टाकावे. दुकानदाराला विभागाच्या पत्रावर संचाची मागणी द्यावी, वर्गात जितके विद्यार्थी तितक्याच प्रती काढाव्यात, आणि दर नेहमीच्या झेरॉक्सचाच असावा. दुकानदाराने त्याच संचाला रंगीत मुखपृष्ठ लावून ‘एम. ए. मराठी नोट्स’ या नावाने येणाऱ्या-जाणाऱ्याला विकायला सुरुवात केली, तर तो तुमच्या वर्गाचा संच राहत नाही. तो त्याचा धंदा होतो आणि कलम ५२ ची छत्री त्याच्या डोक्यावर नसते. त्यामुळे मूळ संच त्याच्याकडे ठेवू नये. काम झाले की परत आणावा. दुकानदार ओळखीचा असला की हे सांगायला संकोच वाटतो, पण तो संकोच पुढे विभागाच्या नावावर येतो.

येथे माझे स्वतःचे एक मत नोंदवतो, ते कायद्याचे मत नाही. दिल्लीतले वादी मोठे परदेशी प्रकाशक होते आणि त्यांच्या जाडजूड पुस्तकातले एक प्रकरण वाचणारा विद्यार्थी ते संपूर्ण पुस्तक विकत घेईल, ही शक्यता मुळातच नव्हती. मराठीत चित्र वेगळे आहे. समीक्षेच्या पुस्तकाची आवृत्ती लहान असते आणि तिचा ग्राहक मुख्यतः आपल्यासारखी महाविद्यालये आणि त्यांची ग्रंथालयेच असतात. जे मराठी पुस्तक बाजारात उपलब्ध आहे आणि ज्यातली चार-पाच प्रकरणे तुम्हाला लागणार आहेत, त्याच्या आठ-दहा प्रती ग्रंथालयाने घ्याव्यात असा आग्रह विभागाने जरूर धरावा. जे पुस्तक प्रकाशकाने वर्षानुवर्षे पुन्हा छापलेलेच नाही, त्याच्याबाबतीत मात्र असा आग्रह धरण्यात काही अर्थ नाही.

छापून संपलेल्या पुस्तकांबाबत कायद्यात आणखी एक सोय आहे, जिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. भारतात विक्रीसाठी उपलब्ध नसलेल्या पुस्तकाच्या तीनपर्यंत प्रती, नफ्यासाठी न चालणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या प्रमुखाच्या देखरेखीखाली, त्या ग्रंथालयाच्या वापरासाठी काढता येतात. जळगावचे व. वा. वाचनालय किंवा अमळनेरचे पूज्य साने गुरुजी ग्रंथालय यांसारख्या जुन्या संग्रहांत आपल्या भागातील दुर्मीळ पुस्तके असण्याची शक्यता मोठी असते. तेथील ग्रंथपालांशी तुमच्या ग्रंथपालांनी पत्रव्यवहार करावा. शिवाय अशा ग्रंथालयाकडे ज्या पुस्तकाची छापील प्रत आहे, त्याची जतनासाठी डिजिटल प्रत करण्याची मुभाही त्याला २०१२ च्या दुरुस्तीने मिळाली आहे.

दहा टक्क्यांची गोष्ट कुठून आली असावी, याचा माझा अंदाज असा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्य रोखण्यासाठी नियमावली काढली. तिच्यात प्रबंध किंवा लेख दुसऱ्याच्या मजकुराशी दहा टक्क्यांपर्यंत जुळत असेल तर दंड नाही, अशी पातळी ठरवलेली आहे. संशोधन केंद्रांत पीएच.डी.च्या निमित्ताने हा आकडा सर्वांच्या तोंडी बसला आणि तोच झेरॉक्सलाही लावला जाऊ लागला. पण वाङ्मयचौर्य आणि कॉपीराइटचा भंग हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचे लेखन स्वतःचे म्हणून खपवणे हे पहिले. ते लेखन परवानगीवाचून आणि कायद्यातल्या सवलतीवाचून वापरणे हे दुसरे. लेखकाचे नाव ठळक छापूनही कॉपीराइटचा भंग होऊ शकतो, आणि अडीचशे वर्षांपूर्वीच्या मजकुराची, ज्यावर कोणाचाही कॉपीराइट नाही, चोरीही होऊ शकते. तेव्हा या आकड्याचा आधार घेऊन पाने मोजत बसू नये. त्याच्या भरवशावर एखादे पुस्तक विक्रीसाठी तर मुळीच छापू नये.

शिक्क्याबद्दल थोडक्यात. ‘केवळ शैक्षणिक वापरासाठी’ असे लिहिल्याने बेकायदा प्रत कायदेशीर होत नाही, आणि न लिहिल्याने कायदेशीर प्रत बेकायदा होत नाही. उलट बाजूही लक्षात ठेवावी. पुस्तकाच्या सुरुवातीला प्रकाशक छापतो की लेखी परवानगीशिवाय यातील कोणताही भाग कोणत्याही स्वरूपात पुनर्मुद्रित करता येणार नाही. त्या ओळीने कलम ५२ मध्ये संसदेने दिलेली सवलत रद्द होत नाही. प्राचार्यांना शिक्का हवाच असेल तर मारू द्यावा, त्याने नुकसान नाही. पण संचाच्या पहिल्या पानावरचा घटकनिहाय तक्ता त्याहून कितीतरी अधिक कामाचा आहे, हे त्यांना सांगावे.

व्हॉट्सअ‍ॅप गटाबद्दल मला तुमच्या पत्रातील एकाच शब्दाने सावध केले, तो म्हणजे ‘पुस्तकांच्या’ पीडीएफ. शिकवायच्या घटकापुरते प्रकरण तुम्ही स्वतः स्कॅन करून केवळ त्या वर्गाच्या विद्यार्थ्यांना दिले, तर झेरॉक्स संचाला लागू असलेले तर्कशास्त्र तिथेही लावता येते, कारण यंत्र बदलले तरी काम तेच राहते. पण कुठल्याशा टेलिग्राम वाहिनीवरून उतरवलेली, बाजारात मिळत असलेल्या कादंबरीची अथपासून इतिपर्यंतची फाइल गटावर टाकणे हे अध्यापनाच्या ओघातले काम आहे, असे म्हणणे मला अवघड वाटते. ती फाइल मुळातच बेकायदा वाटपातून आलेली असते आणि गटातून ती पुढे कुठे जाईल, यावर तुमचा ताबा राहत नाही. विद्यार्थ्यांनी स्वतः असे काही गटावर टाकले तर गटाच्या प्रमुख म्हणून ते काढून टाकण्याची सवय ठेवावी. स्कॅन केलेली प्रकरणे शक्यतो गूगल क्लासरूमसारख्या, नाव नोंदवलेल्यांनाच उघडणाऱ्या जागी ठेवावीत आणि सत्र संपले की काढून टाकावीत. शोधनिबंधांसाठी, ते परवानगीवाचून फुकट वाटणाऱ्या साय-हबसारख्या संकेतस्थळाचा पत्ता वर्गात देऊ नये. त्या संकेतस्थळाविरुद्ध मोठ्या प्रकाशकांनी डिसेंबर २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावलेला आहे.

जिथे मजकूर अधिकृतपणे वाचायला खुला आहे, तिथे प्रत करण्याऐवजी दुवा द्यावा, म्हणजे प्रश्नच उरत नाही. शोधगंगा या संकेतस्थळावरील पीएच.डी.चे प्रबंध, नॅशनल डिजिटल लायब्ररी, ई-पीजी पाठशाला आणि स्वयम यांवरील अभ्याससामग्री या सगळ्यांचा उपयोग याच पद्धतीने करता येतो. मात्र वाचायला फुकट असलेली प्रत्येक गोष्ट छापायलाही मोकळी असते, असे नाही. शोधगंगेवर ठेवल्याने प्रबंधावरचा संशोधकाचा हक्क संपत नाही. याउलट मराठी विकिपीडियासारख्या ठिकाणी क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना असतो, ज्याच्या अटी पाळल्या, म्हणजे श्रेय दिले आणि आपण केलेली रूपांतरित आवृत्ती त्याच परवान्याखाली ठेवली, की छापताही येते. तुमचे महाविद्यालय एन-लिस्ट या, महाविद्यालयांना ऑनलाइन नियतकालिके पुरवणाऱ्या योजनेचे सभासद असेल तर त्यातली नियतकालिके करारानुसार वापरायची असतात आणि तिथे करारातील अटी लागू होतात. सर्वांनी मिळून एकच पासवर्ड वापरणे हा त्या कराराचा भंग आहे. शासकीय संस्थांसाठी १ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही नियतकालिकांच्या सामायिक वर्गणीची योजना सुरू झाली आहे. आपल्या संस्थेला तिचा लाभ आहे का, हे ग्रंथपालांना विचारावे.

तुमच्या वर्गात दृष्टिहीन विद्यार्थी असेल तर त्याच्यासाठी कायदा फार उदार आहे, हे तुम्ही विचारले नसले तरी सांगतो. अपंग व्यक्तीला वाचता यावे म्हणून कोणत्याही पुस्तकाचे ध्वनिमुद्रण, ब्रेल किंवा संगणकाला वाचता येईल अशी फाइल, नफा न घेता, कोणीही तयार करू शकते. तिथे संपूर्ण पुस्तकही चालते.

चित्रपट आणि यूट्यूब हे दोन प्रश्न लवकर संपणारे आहेत. शैक्षणिक संस्थेच्या कामकाजात चित्रपट दाखवता येतो, पण प्रेक्षक म्हणजे विद्यार्थी, शिक्षक-कर्मचारी, विद्यार्थ्यांचे पालक आणि संस्थेच्या कामाशी जोडलेली माणसे एवढेच असावेत. गावाला खुले निमंत्रण दिले किंवा तिकीट लावले की ही सवलत गेली. शक्य तोवर विकत घेतलेली तबकडी (डीव्हीडी) वापरावी, कारण ओटीटीच्या वर्गणीचा करार बहुधा व्यक्तिगत, घरगुती पाहण्यापुरता असतो आणि त्याच्या अटी कलम ५२ पेक्षा वेगळ्या आहेत. यूट्यूबवर तास ठेवला की तो तुमच्या वर्गाचा राहत नाही, तो सार्वजनिक होतो. तिथे अध्यापनाची सवलत पुढे करण्यापेक्षा समीक्षेसाठी दिलेल्या न्याय्य वापराच्या सवलतीवर विसंबावे, म्हणजे कवितेच्या ज्या ओळींवर तुम्ही बोलत आहात तेवढ्याच पडद्यावर आणाव्यात. हयात कवीची अख्खी कविता, चाल लावलेले गाणे किंवा पुस्तकाची पाने दाखवणे टाळावे. किंवा ते चित्रीकरण फक्त वर्गालाच उघडेल असे ठेवावे.

आता संकलन. येथे वर्ग संपतो आणि प्रकाशन सुरू होते. विभाग मुखपृष्ठ लावून, किंमत छापून पुस्तक काढतो, तेव्हा कलम ५२(१)(आय) ऐवजी ५२(१)(एच) पाहावे लागते आणि त्याच्या अटी बऱ्याच आखडत्या हाताच्या आहेत. संकलन प्रामुख्याने कॉपीराइट नसलेल्या मजकुराचे असले पाहिजे. ते खरोखर अध्यापनासाठी असले पाहिजे आणि शीर्षकात व जाहिरातीत तसे म्हटलेले असले पाहिजे. कॉपीराइट असलेल्या प्रकाशित साहित्यातून छोटे उतारे घेता येतात, मात्र ते साहित्य मुळात पाठ्यपुस्तकासाठी प्रसिद्ध झालेले नसावे. आणि एकाच लेखकाचे दोनांहून जास्त उतारे एकाच प्रकाशकाने पाच वर्षांच्या काळात छापता येत नाहीत. एखाद्या कवीच्या दहा कविता घेऊन ‘दहा छोटे उतारे’ म्हणण्याची सोय इथे नाही.

सुदैवाने खानदेशाच्या बाबतीत कॉपीराइट नसलेला मजकूर इतका समृद्ध आहे की संकलनाचा मोठा भाग त्यातूनच उभा राहील. कायद्यातील मुदत अशी मोजायची : लेखकाच्या मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षे. बालकवी धरणगावात जन्मले आणि १९१८ मध्ये भादली स्थानकाजवळ त्यांचा रेल्वे अपघातात अंत झाला. त्यांच्या कवितेवर आज कोणाचा हक्क नाही. अमळनेरला शिक्षक असलेले साने गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले, त्यामुळे त्यांचे लेखन २०१० अखेर मुक्त झाले. इतिहासाचार्य राजवाडे धुळ्यात १९२६ च्या अखेरीस वारले. त्यांचे लेखनही मोकळे आहे. याउलट धुळ्याच्या तुरुंगात १९३२ मध्ये गीतेवर प्रवचने देणारे विनोबा १९८२ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या लेखनावरचा हक्क २०४२ अखेरपर्यंत आहे. ती प्रवचने तुरुंगात टिपून घेतली साने गुरुजींनी; एकाच तुरुंगातली दोन माणसे, पण कायद्याच्या कॅलेंडरात त्यांच्यात ३२ वर्षांचे अंतर पडते.

ज्यांच्या नावाने आपले विद्यापीठ आहे त्या बहिणाबाईंचे गणित थोडे निराळे आहे आणि तुमच्या संकलनात त्या असणारच, म्हणून सविस्तर सांगतो. बहिणाबाई ३ डिसेंबर १९५१ रोजी गेल्या आणि त्यांच्या गाण्यांचे पुस्तक १९५२ मध्ये आले. लेखकाच्या मृत्यूनंतर प्रथमच प्रसिद्ध झालेल्या साहित्याची ६० वर्षे मृत्यूऐवजी प्रकाशनापासून मोजतात. म्हणून १९५२ च्या पुस्तकातली गाणी २०१२ अखेर मुक्त झाली. पुढच्या आवृत्त्यांत जी गाणी प्रथमच छापली गेली, त्यांची मुदत मात्र त्या-त्या आवृत्तीच्या वर्षापासून चालते. आणि पुस्तकाबरोबर येणारी बाकीची सामग्री वेगळी मोजायची असते. आचार्य अत्र्यांची प्रस्तावना ही अत्र्यांची कृती आहे. ते १९६९ मध्ये गेले, म्हणून ती २०२९ अखेरपर्यंत संरक्षित आहे. नव्या आवृत्तीतील चित्रे, टीपा आणि शब्दार्थ ज्याने केले त्याचे. त्यामुळे मजकूर जुन्या आवृत्तीवरून स्वतः टंकलिखित करून घ्यावा आणि शब्दार्थ विभागानेच नव्याने लिहावेत; खानदेशी बोलीचे शब्द तुमच्या विद्यार्थ्यांना दुसऱ्याच्या टीपेशिवायही उलगडतील.

कानबाई या खानदेशातील लोकदेवतेची गाणी, अहिराणी ओव्या, भिल्ल आणि पावरा समाजातील गाणी यांचा कोणी एक लेखक नसतो, त्यामुळे परंपरेने आलेल्या शब्दांवर कॉपीराइट नसतो. पण एखाद्या अभ्यासकाने जमवून, लावून, प्रस्तावनेसह छापलेल्या संग्रहातील मांडणी आणि विवेचन त्याचे असते. तो संग्रह जसाच्या तसा उचलू नये. विद्यार्थ्यांनाच आपापल्या गावी पाठवून गाणी जमवायला लावली, तर संकलनाचा दर्जाही वाढेल. त्या वेळी गाणाऱ्या बाईंचे नाव-गाव, ध्वनिमुद्रणाची तारीख आणि छापण्यास त्यांची संमती हे सगळे लिहून घ्यावे. प्रत्यक्ष गायनाचे मुद्रण वापरायचे झाले तर गाणाऱ्याला कलाकार म्हणून ५० वर्षांचा स्वतंत्र हक्क असतो, आणि सही येत नसलेल्या आजीबाईंनाही तो असतो.

हयात कवींच्या आणि ज्यांना जाऊन ६० वर्षे झालेली नाहीत अशांच्या संपूर्ण कवितांसाठी परवानगी घ्यावी. अहिराणीतून मराठीत किंवा मराठीतून अहिराणीत भाषांतर छापायचे असेल तरी घ्यावी, कारण भाषांतराचा हक्कही मूळ लेखकाचा असतो. वर्गात तोंडी अर्थ सांगायला अर्थातच कोणाची हरकत नाही. परवानगी कोणाला मागायची हे पुस्तकाच्या श्रेयपानावर पाहावे. कवितासंग्रहावर हक्क अनेकदा प्रकाशकाऐवजी कवीचा किंवा वारसांचा असतो, आणि तसे असल्यास प्रकाशकाचे पत्र पुरेसे नाही. कायद्याला परवाना लेखी लागतो. साहित्य संमेलनात भेटल्यावर कवी ‘छापा हो, त्यात काय विचारायचे’ म्हणाले, ते मनाला बरे वाटते, पण फाइलीला लागत नाही.

पत्रात कवितेचे नाव, ती कोणत्या संग्रहातून आणि कोणत्या पानावरून घेतली, संकलनाचे शीर्षक, किती प्रती छापणार, किंमत किती, कोणत्या शैक्षणिक वर्षांसाठी आणि डिजिटल प्रत काढणार की नाही, एवढे स्पष्ट लिहावे. मानधन देणार असाल तर आकडा, आणि देणार नसाल तर दोन प्रती भेट देऊ असे तरी लिहावे. कवितेत कोणताही बदल किंवा काटछाट करणार नाही, याचीही हमी द्यावी, कारण नावाचा उल्लेख आणि कृतीची मोडतोड होऊ न देणे हे लेखकाचे वेगळे हक्क आहेत. पत्रे जूनमध्येच पाठवली तर छपाईपूर्वी स्मरणपत्राला वेळ राहतो. स्मरणपत्रालाही उत्तर आले नाही तर त्या मौनाला संमती धरू नका. ती कविता संकलनातून वगळा आणि झेरॉक्स संचात ठेवा.